मापांची वही

मास्तरांच्या दुकानात मधोमध एक जाड पडदा होता, आणि त्या पडद्यावर त्यांनी तीस वर्षांची अब्रू सांभाळली होती. बायकांचे कपडे शिवणारा माणूस म्हटला की लोक डोळे बारीक करून बघतात, हे त्यांना तरुणपणीच कळून चुकलं होतं. म्हणून दुकान मांडतानाच त्यांनी ठरवून टाकलं: पडद्याच्या आत बायको, बाहेर आपण. बायको टेप लावणार, आकडा मोठ्यानं सांगणार आणि मास्तर खाली मान घालून वहीत लिहिणार. "खांदा चौदा. छाती चौतीस. बाही साडेदहा." बस्स, एवढंच. गिऱ्हाईक आत कधी गेलं, बाहेर कधी पडलं, मास्तरांनी मान वर करून पाहिलं नाही. शहरातल्या निम्म्या बायका रस्त्यात समोर आल्या तरी त्यांना ओळखू येत नसत. पण कुणाचा डावा खांदा उतरता आहे आणि कुणाची कंबर यंदा अचानक का वाढली, हे त्यांना तिच्या नवऱ्याच्या आधी ठाऊक असायचं. आणि ते त्यांच्या पोटातच राहायचं, हे मात्र सांगायला हवं.

वहीचीही एक रीत होती. नाव, मापं, काय शिवायचं ते, आणि शेजारी त्याच कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं टोचलेला, म्हणजे एकीचं कापड दुसरीच्या अंगावर जायला नको.

"मामा, तुम्हाला मापं ओळखता येतात, माणसं नाही," असं त्यांची भाची त्यांना चिडवायची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. बहीण वारली तेव्हा ही पोर सहा वर्षांची होती. बापानं दुसरं लग्न करून पाठ फिरवली, आणि मास्तरांनी तिला कडेवर घेऊन घरी आणलं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मग काय विचारता! तिच्या फ्रॉकला लागलेली लेस सावकाराच्या पोरीच्या फ्रॉकलाही नसायची. पण पोरगी लेसवाली नव्हतीच. शाळेतून चालत म्हणून कधी घरी आली नाही, धावतच यायची. पुढे त्याच मुलींच्या शाळेत खेळाची बाई झाली.

आता समितीचं सांगतो. शहर धर्माच्या वाटेवर आणायचं म्हणून उभी राहिलेली ही समिती आली ती हातात झाडू घेऊन. खोटं कशाला बोला, सगळ्यांना बरंच वाटलं. बाजारात हप्ते गोळा करणारे गुंड आठवड्यात गायब झाले. गटारं उपसली. नगरपालिकेतला लाचखाऊ कारकून एक दिवस टेबल सोडून पळाला, तेव्हा मास्तरांनी स्वतः शेजाऱ्यांना चहा पाजला. समितीचा सेक्रेटरी म्हणजे चौकातला औषधवाला. माणूस असा गोड बोलणारा की कडू काढाही साखर घालून देतोय असं वाटावं. पाच वेळा नमाज, आवाज कधी चढलेला नाही, बायकांशी बोलताना नजर जमिनीवर. मास्तरांना वाटलं, हा तर आपल्याच वळणाचा माणूस.

निवडणूक लागली तेव्हा तो दुकानात आला. "मास्तर, शहरातल्या बायका कुणाचा शब्द मानत असतील तर तो तुमचा. तुम्ही फक्त एकदा सांगा."

झालं! मास्तर चढले हरभऱ्याच्या झाडावर. बायकोला बरोबर घेऊन महिनाभर दारोदार हिंडले. "अल्लाला भिणारी माणसं आहेत, एकदा संधी देऊन बघा," असं उंबऱ्याबाहेरून सांगत राहिले. भिंगरीनं समितीचा जाहीरनामा त्यांच्या मशीनवर आणून आपटला.

"मामा, शेवटचं पान वाचलंत? मुलींच्या शाळांबद्दल काय लिहिलंय ते?"

"अगं, निवडणुकीत सगळेच काहीबाही लिहितात. राज्य करायला बसले की शहाणे होतात."

समिती निवडून आली. बायकांच्या मतांवर आली, असं औषधवाला स्वतः सांगत असे, आणि मास्तर ऐकून छाती पुढे काढत. आज त्यांना ती आठवण आली की जेवण जात नाही.

पहिला फतवा निघाला तो चेहऱ्यांचा. पाट्यांवरची चित्रं पुसली, दुकानातल्या पुतळ्यांची मुंडकी उतरवली. मास्तरांनी आपल्या पुतळ्याचं डोकं स्वतः करवतीनं कापलं आणि म्हणाले, "कपडा गळ्याखालीच असतो, डोक्याचं काय काम?" दुसरा निघाला लग्नातल्या गाण्यांवर. मास्तर म्हणाले, नाही तरी कान किटलेच होते. तिसऱ्या वेळी मशिदीतल्या म्हाताऱ्या इमामसाहेबांना काढलं. गुन्हा एवढाच की ते भर नमाजींसमोर म्हणाले होते, "काठी दाखवून पढायला लावलेली नमाज माझ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही, ती वर कशी पोचेल?" पुढच्या शुक्रवारी त्यांच्या जागी दुसराच कुणी उभा होता.

इमामसाहेब त्या आठवड्यात कोटाचं अस्तर शिवून घ्यायला दुकानात आले. बराच वेळ बसले.

"मास्तर, चाळीस वर्षं मी तुमच्या पुढे उभा राहिलो. त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत."

"मी साधा शिंपी, इमामसाहेब. मला यातलं काय कळतं?"

"तसं नका म्हणू. मला धर्म शिकवायला औषधवाला येऊ शकतो, तर तुम्हालाही कळत असणार थोडंफार." ते हसत म्हणाले, पण हसू काही खरं नव्हतं. मास्तरांनी अस्तर फुकट शिवून दिलं आणि तेवढ्यावर मनाचं समाधान करून घेतलं. असं समाधान फार दिवस टिकत नाही, पण त्या वेळी चालून जातं.

मग बारा वर्षांवरच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. मुलींनी धावणं, उड्या मारणं म्हणजे बेशरमपणा ठरला. भिंगरीची नोकरी गेली. तरी मास्तर म्हणाले, "थोडे दिवस कळ काढ, निवळेल सगळं." भिंगरी काही बोलली नाही. ती गप्प बसली की समजावं, पोरीनं काहीतरी ठरवलंय.

तिनं ठरवलं होतं ते असं. शहराबाहेर एक बंद पडलेली वीटभट्टी होती. भोवती तारेचं कुंपण, आत भलं मोठं मैदान. शाळेच्या संघातल्या अकरा मुली घेऊन ती उजाडायच्या सुमारास तिथं जायची. चेहऱ्याला फडकं बांधून मुली धावायच्या आणि लोक दारं उघडायच्या आत घरी परत. मुलींच्या आयांना माहीत होतं. बापांना माहीत नव्हतं, किंवा माहीत नसल्यासारखं ते वागत होते.

"पण पायघोळ झग्यात धावता येत नाही, मामी," भिंगरी म्हणाली. "पायजमे हवेत, जाड आणि सैल. मामांना सांग ना."

"मला सांगू नका, मला काही ऐकायचं नाही," मास्तर दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी गडद निळं कापड घेऊन आले. भिंगरीला त्यांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. अकरा मुली आयांबरोबर एकेक करून पडद्याआड येऊन गेल्या, मामींनी मापं सांगितली, मास्तरांनी लिहिली. हुशारी म्हणून काय लिहिलं, तर 'झोपायचे कपडे'. आणि हाताला तीस वर्षांची सवय. पहिल्या नावाशेजारी निळ्या कापडाचा तुकडा टाचून ठेवला.

महिन्याभरानं औषधवाला दुकानात आला. बसला, पाणी मागितलं, तब्येत विचारली.

"मास्तर, एक मोठं काम आणलंय. शहरातल्या सगळ्या मुली-बायकांना एकसारखे झगे द्यायचे. समितीतर्फे. चारशे तर पहिल्या खेपेलाच. हे काम दुसऱ्या कुणाला द्यायची माझी इच्छा नाही."

चारशे! मास्तरांच्या डोळ्यांपुढं दुकानाची पाटी आली: समितीचे अधिकृत शिंपी.

"फक्त एक विनंती आहे," औषधवाला आवाज आणखी खाली आणत म्हणाला. "तुमची मापांची वही दोन दिवस ऑफिसात ठेवू. नावांची यादी करून घेऊ. म्हणजे एकाही बाईला पुन्हा मापं द्यायला यावं लागायचं नाही. पडद्याची काळजी तुमच्याइतकी कुणाला आहे?"

बघा, कसा नेम धरला! दुसरा कुणी असता तर भीतीनं वाकवला असता, मास्तरांना त्यांच्याच अब्रूच्या जागी पकडलं. मास्तर वही काढायला आत गेले, तर मामी वही छातीशी धरून उभ्या.

"द्यायची नाही," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"अगं, समितीचा माणूस बाहेर बसलाय!"

"बसू दे. अहो, बायकांची मापं म्हणजे आपल्याकडे ठेवलेली अमानत. तुम्हीच मला लग्नानंतर शिकवलंत ना, अमानत तिसऱ्याच्या हाती दिली तर अल्लापुढं जबाब द्यावा लागतो? आणि आपल्या पोरीच्या त्या अकराजणींचं पान आहे त्यात."

मामींनी वही उघडून ते पान त्यांच्यापुढं धरलं. निळ्या तुकड्याचं ते पान त्यांनी चिमटीत धरलंही. टर्रकन फाडायचं, एवढंच काम. पण पान उलटून पाहिलं, तर पाठीमागं खुद्द औषधवाल्याच्या आईची मापं! यादी करताना तो पहिलं नाव कुणाचं शोधणार? आईचंच. पान नाही असं दिसलं की लगेच विचारणार, मास्तर, का फाडलंत? त्यांनी मनाशी हिशेब केला: 'झोपायचे कपडे' लिहिलंय, त्यात कुणाला काय कळायचंय? चारशे नावांत अकरा नावं कोण बघतंय?

"तू उगाच राईचा पर्वत करतेस," ते बायकोला म्हणाले आणि वही तिच्या हातातून घेतली. ओढून घेतली म्हणा हवं तर. बाहेर औषधवाल्यानं शेवटच्या कोऱ्या पानावर दोन ओळी लिहिल्या, 'ही वही मी स्वखुशीने समितीकडे दिली', आणि मास्तरांनी खाली सही केली. सही करताना त्यांनी अक्षर चांगलं यावं म्हणून पेन झटकलंही.

त्यांना हे माहीत नव्हतं की वीटभट्टीच्या तारेला अडकलेली एक निळी चिंधी आठवडाभर औषधवाल्याच्या खिशात होती. कुणीतरी लांबून धावणाऱ्या मुली पाहिल्या होत्या. किती ते कळलं होतं, पण चेहरे झाकलेले म्हणून कोण ते कळत नव्हतं. वही उघडली आणि कोण ते कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नावांची यादी घेऊन भट्टीवर दोन गाड्या आल्या. अकरा मुलींना घरोघर सोडलं, बापांना ऑफिसात बोलावून लिहून घेतलं, आणि भिंगरीला ठेवून घेतलं.

मास्तर धावत औषधाच्या दुकानात गेले. पायात चपला आहेत की नाहीत याचं भान नव्हतं. "साहेब, ती माझी पोर आहे हो! चुकली असेल, समजावतो मी तिला."

"म्हणून तर, मास्तर, तिला शिक्षा नाही, सुधारणा म्हणतोय आम्ही," औषधवाला म्हणाला आणि एका म्हाताऱ्याला खोकल्याची बाटली बांधून देत राहिला. "चाळीस दिवसांचा प्रश्न. आणि तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही."

खरंच विसरला नाही तो. शुक्रवारी नमाज झाल्यावर सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्या मास्तरांनी स्वतःच्या भाचीचीही भीड धरली नाही. अशी माणसं असल्यावर समाजाला काळजी कसली?" लोक वळून बघायला लागले. मास्तरांच्या शेजारीच त्या अकरांपैकी एका मुलीचा बाप बसला होता. त्यानं मास्तरांकडे पाहिलं नाही. फक्त आपली चटई उचलली आणि दोन रांगा मागं जाऊन बसला. मास्तरांना ओरडून सांगावंसं वाटलं, असं नाही हो, मला ठाऊक नव्हतं. पण जीभ टाळ्याला चिकटली. इमामसाहेब गेले तेव्हाही ती अशीच चिकटली होती.

घरी मामींनी बोलणं टाकलं. भांडल्या असत्या, डोकं आपटलं असतं तर परवडलं असतं. पण त्या पडद्याआडून आकडे तेवढे सांगत आणि बाकी दिवस मुक्या.

आणि गिऱ्हाइकं कोण यायला लागली म्हणता? त्या अकराजणींचे बाप. एकेक पोरगी हाताबाहेर जायच्या आत उजवून टाकायची घाई. कुणी पंधरा वर्षांची, कुणी सोळा. लग्नाचं कापड काउंटरवर टाकायचे आणि म्हणायचे, "माप तुमच्याकडे आहेच." टोमणा मारायचे की साधं बोलायचे, मास्तरांना कळत नसे. चाळीस दिवसांत चार लग्नाचे जोड त्यांनी शिवले. चौथ्या मुलीची आई कपडे घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "घेर जरा वाढवता आला असता, मास्तर. ताडताड चालायची सवय आहे हो तिला, अडखळून पडेल." मास्तरांनी तिथल्या तिथं शिवण उसवली. असं उसवून काही भरून निघणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

दिवसभर मशीन चालवताना ते मनातल्या मनात एकच पाठ करत. भिंगरी आली की काय सांगायचं? कधी वाटे, सरळ पाय धरावेत, सांगून टाकावं की मी दिली वही. मग वाटे, तिला कुठं माहीत असणार? समितीला कुणा चुगलखोरानं कळवलं असेल असंच तिला वाटत असेल. मामी तर बोलतच नाहीत. मग कशाला पोरीच्या मनातून उतरायचं? सगळं जग तोंड फिरवून बसलं होतं. एवढी एक पोर 'मामा' म्हणून हाक मारेल, तर म्हातारपण निघून जाईल. खरं सांगायचं तर या एकाच आशेवर ते जगत होते.

एक्केचाळिसाव्या दिवशी भिंगरी आली. चालत आली. मामींनी तिला दारातच कवटाळलं आणि थेट पडद्याआड नेलं. सुटकेची अट होती: दर आठवड्याला ऑफिसात हजेरी, आणि तीसुद्धा समितीच्या नव्या झग्यात. झगा आजच्या आज हवा होता. मास्तर नेहमीच्या जागी स्टुलावर बसले, मांडीवर नवी वही घेतली, मान खाली घातली.

"खांदा..." मामी म्हणाल्या आणि थांबल्या. "खांदा साडेतेरा. छाती तीस."

मास्तरांचा हात अडखळला. चौतीस होती. या पोरीची मापं त्यांना सहाव्या वर्षापासून तोंडपाठ होती.

"कंबर बावीस. हात वर कर, बाळा. उजवा. नाही होत? बरं, राहू दे, राहू दे."

पडद्याआड मामींच्या हुंदक्याचा आवाज आला. मास्तरांना राहवेना. ते तिथूनच म्हणाले, "भिंगरे, कुणी गं केली ही चुगली? त्याचं वाटोळं होवो." बोलून गेले आणि स्वतःच्याच तोंडाची त्यांना शरम वाटली, पण शब्द गेला तो गेला.

 मग भिंगरी बोलायला लागली. आवाज तिचाच होता, पण धावून आल्यावर असायचा तसला दम त्यात उरला नव्हता.

"मामा, पहिल्या दिवसापासून ते एकच विचारत होते. हे कपडे कुणी शिवले? मी म्हटलं, मी शिवले. ते म्हणाले, शक्य नाही, हा पक्क्या शिंप्याचा हात आहे. मी म्हटलं, मीच. रोज विचारायचे, रोज मी तेच सांगायचे. मला वाटायचं, मामांचं वय झालं, त्यांना नेलं तर त्यांना हे एक दिवसही सोसायचं नाही. हात गेला तो पाचव्या दिवशी. तरी तुमचं नाव घेतलं नाही मी. आठ दिवस नाही घेतलं."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"नवव्या दिवशी त्यांनी टेबलाचा खण उघडून वही बाहेर काढली. पहिल्या दिवसापासून तिथंच होती ती. मी किती दिवस खोटं बोलते ते बघत होते, म्हणाले. शेवटचं पान मला मोठ्यानं वाचायला लावलं. खाली तुमची सही होती, मामा. छान अक्षरात."

"चुकलो गं पोरी," मास्तर म्हणाले. एवढं पाठ केलेलं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. "चुकलो मी. माफ कर मला."

 पडदा जरासा हलला, त्यातून मामींचा हात बाहेर आला.

"वही द्या इकडे," त्या म्हणाल्या. "पुढचं मी लिहीन."

मास्तरांनी वही दिली. पेन्सिलही दिली. आत टेप पुन्हा फिरू लागली असावी. पण आकडे काही त्यांना ऐकू आले नाहीत, कारण मामी आता मोठ्यानं सांगत नव्हत्या.